अकरा मिनिटं

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर,
जिथे बसचा रस्ता संपतो आणि पुढे नुसती कुंपणं,
तिथे आमचं नमद्याचं गोल घर.
मधोमध शेगडी.
शेगडीच्या एका बाजूला आई, बाळ आणि टीव्ही,
दुसऱ्या बाजूला मी
आणि चुलतभावाने टाकून दिलेला लॅपटॉप,
ज्याची दोन बटणं निखळलीत.

शाळेत आता कुणी नाक दाबत नाही.
ते लहानपणी.
आता मी वर्गात शिरले की ग्रुपवर एक स्टिकर येतो:
धुराडं. त्याला डोळे काढलेत आणि दोन वेण्या.
लिहीत कुणीच काही नाही.
खाली हसऱ्या तोंडांची रांग लागते.
एकजण पाठवतो, पंचवीस हसतात,
सत्ताविसावी मी.

युनिफॉर्म मी रात्री पिशवीत गाठ मारून ठेवते.
केस दोनदा धुते,
टाकीवरून ढकलगाडीने आणलेल्या पाण्याने.
तरी धूर तो धूरच.
माझ्याआधी वर्गात पोचतो, हजेरी लावतो.

खेळात वास येत नाही.
हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत,
मला विचाराल तर
त्याची सगळ्यात मोठी सोय हीच.

तिथे माझं नाव 'खारं तळं'.
हातात काठी, काठीच्या टोकाला निळा उजेड.
पडलेल्याला उठवायला मला तीन सेकंद लागतात
आणि त्या तीन सेकंदांत मला कुणीही मारू शकतं,
म्हणून हे काम कुणाला नको असतं.

टोळीत पाच जण आम्ही.
खोव्दचे दोघे भाऊ, अल्माटीचा एक, जो सारखा खात असतो,
आणि 'चांदीची टाच'.
ती न बघता पुढे धावते,
दर रात्री चार-पाचदा मरते.
दर रात्री चार-पाचदा मी तिला उठवते.

आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता.
मरालमा. खिडकीपासची.
धुराड्याला वेण्या तिनेच काढल्यात.

मी माइक बंद ठेवते, टाइप करते:
मागे हो. डावीकडे दोघं. थांब, आले.
ती म्हणते, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं.
ती म्हणते, आमच्याकडे जेवताना कुणी बोलत नाही,
चमचे तेवढे वाजतात.
मी दोन बटणं नसलेल्या कीबोर्डवर
'हं' लिहिते.

एकदा ठरवलं होतं, नाही उठवायचं.
ती बर्फात पडलेली,
डोक्यावर आकडे उतरत होते, नऊ, आठ, सात.
चारला मी धावले.
उगाच मोठेपणा नको,
ती गेली असती तर किल्लाही गेला असता.

मग परवा. उणे चौतीस.
बाळाचा हात कीबोर्डवर पडला असावा,
माइक चालू, आणि मला पत्ताच नाही.
आईने शेगडीचं दार उघडलं, ते नेहमीसारखं किंचाळलं,
कोळशाच्या विटा आत पडल्या,
बाहेर बासर भुंकला,
त्याच्यामागून अख्खी टेकडी भुंकली,
आणि आई म्हणाली,
"सुव्दा, धुराडं कोंडलंय बघ. जाऊन ये पटकन."

कानात सगळे चिडीचूप.
अल्माटीवाल्याचं चावणंसुद्धा थांबलं.
मग मरालमा, अगदी हळू:
"मी पडलेय. उठव ना."

उठवलं.

सकाळी वर्गात शिरले, फोन थरथरला.
धुराडं.
दप्तर ठेवेपर्यंत चोवीस तोंडं हसून झाली होती.
बाई आल्या. वह्या उघडल्या.
चोवीसच.
खिडकीकडे मी बघितलं नाही,
फळ्यावर काय होतं तेही नाही.

पंचविसावं आलं अकरा मिनिटांनी.

बाकाखाली मी हिशेब केला.
अकरा मिनिटांत किल्ला जातो, परतही घेता येतो.
अकरा मिनिटांत पडलेल्याला
दोनशे वीस वेळा उठवता येतं.
कमी नाहीत अकरा मिनिटं.
पुरेशी आहेत का, ते मला अजून कळलेलं नाही.

रात्री नऊला 'चांदीची टाच' ऑनलाइन दिसली.
मी आत गेले.
माइक सुरूच राहू दिला.
शेगडीचं दार किंचाळलं.